बारा नावांची यादी

"ती यादी टेबलावर ठेवा, नाहीतर राजीनामा ठेवा," संपादक म्हणाले.

बाईंनी सावकाश चष्मा पुसला. तेवीस वर्षं त्या या वर्तमानपत्राचं धर्माचं पान एकहाती सांभाळत होत्या. सुरुवातीला सगळे चिडवायचे, "काय बाई, देवाची मुलाखत कधी?" पुढे त्यांच्या बातम्यांनी भल्याभल्यांना घाम फुटू लागला, तेव्हा चिडवणं आपोआप थांबलं.

काल मात्र त्यांनी कहर केला होता. आज समोर बसलेल्या धर्मगुरूंच्या प्रार्थनासभेत उठून चालू लागलेले बारा पांगळे भाडोत्री होते, असं त्यांनी सरळ छापलं. त्या बाराजणांचे नावपत्ते हाताने लिहिलेली यादी निनावी टपालाने आली होती. बाईंनी बाराही दारं स्वतः ठोठावून खात्री करून घेतली होती.

"यादी दाखवा," धर्मगुरू शांतपणे म्हणाले. "अक्षर मी लगेच ओळखेन."

त्यांच्या मागे त्यांचा चिटणीस उभा होता. अक्षराचं नाव निघताच तो खाली मान घालून दाराकडे सरकला. म्हणजे यादी पाठवणारा हाच, बाईंच्या लक्षात आलं. बायकामुलांसह तो संस्थेच्याच खोलीत राहायचा. नाव फुटलं तर बिचारा उघड्यावर पडला असता. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बातमीत काही चूक आहे?"

"प्रश्न तो नाही," संपादक म्हणाले.

"माझा तोच आहे. बातमी देणाऱ्याला मी आजवर उघडं पाडलं नाही. आता म्हातारपणी ती सवय लावून घेणार नाही."

त्यांनी पर्समधून यादी काढली. संपादकांचा चेहरा खुलला. बाईंनी तिचे बारीक तुकडे केले, संपादकांच्या चहात टाकले आणि चमच्याने नीट ढवळले. मग दोन ओळींत राजीनामा लिहून दिला आणि ताठ मानेने बाहेर पडल्या.

जिन्यात मागून पावलं वाजली. धर्मगुरू एकटेच धापा टाकत आले होते.

"कितीही मागे लागा," बाई म्हणाल्या, "ते नाव तुम्हाला माझ्याकडून मिळणार नाही."

धर्मगुरू कठडा धरून पायरीवर बसले.

"यादी दाखवायला हवी होती हो, बाई. चारचौघांत कबूल करायची माझी छाती नव्हती, म्हटलं माझं अक्षर तरी बोलेल."