चौथ्याआधी पाचवं

आता नामवंत झालेल्या दिग्दर्शिकेचा पहिलावहिला सिनेमा दाखवण्याआधी समीक्षक म्हणाले, "यात ती जागोजागी अडखळते. मेलेली आई अचानक घरी परतते, ही तर परदेशी सिनेमांची उसनवारी." मागच्या रांगेत तिचे वडील बसले होते, त्यांनी उभा जन्म थिएटरच्या केबिनमध्ये रिळं चढवण्यात घालवला होता. पडद्यावर आई मेली आणि पुढच्याच दृश्यात हसत दारात उभी राहिली. म्हातारा खुर्चीत पुढे सरकला. ही तर आपलीच, चाळीस वर्षांपूर्वीची घोडचूक. बायको जाऊन आठवडा झाला होता, डोकं ठिकाणावर नव्हतं. त्यांनी चौथ्याआधी पाचवं रीळ लावलं होतं. पाचव्यात मेलेली सिनेमातली आई चौथ्यात परत आली, प्रेक्षकांनी शिट्ट्या मारल्या. ते मशीन बंद करायला धावले, तर स्टुलावरच्या सहा वर्षांच्या लेकीने त्यांचा हात घट्ट धरला. "राहू दे ना, बाबा. आली ना आई."