चार अंतरांचे कागद

"परीक्षा पंधरा मीटरवर आहे ना बाई, मग पाचावर कशाला?" सात नंबरने विचारलं.

"पाचावर सबब चालत नाही म्हणून," नेमबाजी शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. "आधी पाच, मग सात, मग दहा, मग पंधरा. प्रत्येक अंतराचा कागद वेगळा. पिस्तूल वाकडं असेल तर पाचावरची बोटभर चूक पंधरावर तीन बोटं होते. हात वाकडा असेल तर भोकं कागदभर पसरतात. कागद शेजारीशेजारी ठेवले की दोष कोणाचा ते कळतं."

"आणि दोष कोणाचाच नसला तर?"

"तर भोकं गोलात. सोपं आहे."

त्याने मान डोलावली. तिशीतला, अबोल माणूस. पहारेकऱ्यांच्या कंपनीत चार वर्षं काढलेला. इथे सगळ्यांना नेम धरण्याच्या जागेच्या नंबरानेच हाक मारत, म्हणून तो सात नंबर. पहिल्या परीक्षेत नापास झाला होता. शुक्रवारी दुसरी. तीही गेली की गणवेश परत करून घरी.

"घरी कोण आहे?" बाईंनी विचारलं.

"थोरला भाऊ, वहिनी, त्यांची मुलं. भावानेच वाढवलं मला. कारखान्यात लेथवर असतो तो. बारा दिवस झाले, काम बंद आहे."

"म्हणजे सगळं घर आता तुझ्या एकट्यावर."

"हो," तो म्हणाला आणि कागद लावायला गेला.

बाईंना दिवसभर तेच आठवत राहिलं. बाई तोंडाने फटकळ, पण दुसऱ्याची काळजी घरी घेऊन जायची त्यांना खोडच होती. त्यात उजव्या मनगटाला प्लास्टर. बावीस वर्षं पिस्तूल धरलेला हात न्हाणीघरातल्या बादलीला अडखळून मोडला, हे त्यांनी अजून कोणालाही सांगितलं नव्हतं.

चार दिवस सात नंबर सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन सराव करी आणि कागद गुंडाळून बाईंच्या कप्प्यात ठेवी. कंपनीची तपासणी डोक्यावर होती, तेव्हा बाईंना गुंडाळी उघडायला फुरसत झाली नाही. गुरुवारी मात्र त्या मुद्दाम त्याच्या मागे उभ्या राहिल्या. पंधरा मीटर, पाच गोळ्या.

कागदावर माणसाची काळी आकृती, छातीवर पांढरा गोल. गोल कोरा. पाचही भोकं आकृतीच्या उजव्या खांद्याच्या वर, कानाशेजारच्या मोकळ्या जागेत, एका नाण्याखाली झाकतील इतकी जवळजवळ.

बाईंनी भोकांवर अंगठा ठेवून पाहिला. पाच गोळ्या एकाच जागी घालणाऱ्याचा हात वाकडा नसतो. वाकडं असतं पिस्तूल.

आणि पिस्तूल तपासायचं काम बाईंचं. दर महिन्याला प्रत्येक पिस्तुलाने पाच गोळ्या झाडून सही करायची. या महिन्यात प्लास्टरमुळे एकही झाडली नव्हती. सही तेवढी डाव्या हाताने, वेडीवाकडी केली होती.

"उद्या कसं होईल?" त्यांनी विचारलं.

"व्हायचं ते होईल," सात नंबर म्हणाला. कपाळावर घाम होता.

वरिष्ठांना सांगावं तर आपली खोटी सही उघडी पडणार. न सांगावं तर एका घराची चूल विझणार. शुक्रवारी सगळे जेवायला गेले, तेव्हा बाईंनी कपाट उघडलं. डाव्या हातात बारीक पेचकस. सात नंबरच्या पिस्तुलाच्या नळीवरची नेम धरायची खाच त्यांनी डावीकडे आणि खाली सरकवली, पंधरा मीटरच्या हिशोबाने, गोळी वीतभर आत यावी इतकी. दोनदा पेचकस सटकला. पायरीवर पाऊल वाजलं तेव्हा त्यांनी पेचकस मुठीत लपवला, पण ती झाडूवाली होती.

परीक्षेत दहा सेकंदांत पाच गोळ्या. कागद जवळ आला. पाचही भोकं पांढऱ्या गोलात.

बाईंचा जीव भांड्यात पडला. सात नंबर कागदाकडे बघतच राहिला. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. आनंदाने होतं असं कधीकधी, बाईंना वाटलं.

"बाई, माझ्या पिस्तुलाला कोणी हात लावला होता का?"

"छे. कोण लावणार?" बाई हसल्या. "चार दिवस घाम गाळलास, त्याचं फळ आहे हे. स्वतःच्या हातावर विश्वास ठेवायला शीक जरा."

तो आपलाच हात परका असल्यासारखा उलटसुलट करून पाहत राहिला.

तासाभरात साहेब गाडी घेऊन आले. पास झालेल्यांनी आपापलं पिस्तूल कमरेला लावलं. साहेबांनी सगळ्यांचे फोन काढून घेतले आणि पेटीत टाकून पेटी बाईंच्या टेबलावर ठेवली.

"कामावर फोन नको. परतल्यावर मिळतील."

"कुठे चाललेत?" बाईंनी विचारलं. त्यांना आधी कधी कोणी सांगत नसे.

"लेथच्या कारखान्यावर. सोळा दिवस कामगार फाटकाबाहेर ठाण मांडून बसलेत. आज उठवायचे. पोरांना पहिल्या परीक्षेआधीच सांगितलंय, पास झालात की तिथे जायचं. बरं, सात नंबरचे सरावाचे कागद फायलीला लावा."

गाडी गेली. बाईंनी कप्पा ओढला आणि गुंडाळी सोडली.

पाच. सात. दहा. पंधरा. पाचावरची चूक लहान असायला हवी होती. ती पंधरावरच्या इतकीच होती. पिस्तूल सरळ होतं, हातही सरळ होता; नेमच मुद्दाम तिथे धरलेला. त्यांनी चारही कागद एकावर एक ठेवून खिडकीशी धरले. आकृतीच्या खांद्यावरून, चारही कागदांच्या आरपार, नाण्याएवढा उजेड आत आला. तिथे धरलेला नेम आता छातीत लागणार होता, आणि ते पिस्तूल त्याच्या कमरेला होतं.

प्लास्टरमधल्या बोटांना त्याचा नंबर दाबता येईना, म्हणून त्यांनी घाईघाईने डाव्या हाताने तो लावला. समोरच्या पेटीत सात नंबरचा फोन वाजू लागला.