आईला दाखवायचं होतं

कणगीत हात घातला, तर नागलीच्या आधी भाकरीच लागली. तीन होत्या, वाळून कडक झालेल्या. गोदाने त्या चुलीजवळ आपटल्या.

"आय, परत?"

"मी नाय ठेवल्या," आई एवढंच म्हणाली आणि गोदाच्या केसांना तेल लावायला बसली.

नाही कशी? घरात माणसं दोनच. दिवाळी सरली आणि अख्खा पाडा भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर गेला. आठ घरांना कुलपं, लोकांनी कोंबड्यासुद्धा नेल्या. गोदाही गेली असती. भट्टीवरचं काम मरणाचं, पण संध्याकाळी चुलीला चूल लागून असते, बोलायला बायका असतात. पण आईला टाकून जाणार कशी? हल्ली एखादं कुत्रं भुंकलं तरी गोदाला बरं वाटायचं.

आईचं दुखणं जुनं होतं. वावर-वांगणीत कुपोषणाने पोरं गेली, त्या सालचं. गोदाला ते साल लख्ख आठवायचं. झाडाला टांगलेला वजनाचा काटा, झोळीत ठेवलेला मंगळू, सोनीचं फुगलेलं पोट आणि काडीसारखे हात. तिची ही दोन्ही भावंडं पंधरा दिवसांत गेली. तेव्हापासून प्रत्येक भाकरीत त्यांचा वाटा, असं आईच्या डोक्यात बसलं होतं.

रोज तोच तमाशा. ताट वाढलं की आई समोर ठाण मांडून बसायची, गोदाच्या हाताकडे बघत. तरी ताटातली भाकरी कणगीत कधी जायची, ते गोदाला कळायचंच नाही. गोळ्याही आई स्वतःच्या कनवटीला बांधून ठेवायची, गोदाच्या हाती लागू द्यायची नाही. झोपायची ती दारात आडवी. वेड्याच्या शहाणपणाला औषध नाही, हेच खरं.

मागच्या तारखेला डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, वजन आणखी उतरलं तर ठाण्याच्या इस्पितळात ठेवावं लागेल. आईला ठेवून घेतलं, तर त्या आठ कुलपांच्या मध्ये ती एकटीच उरणार. आज जव्हारच्या दवाखान्यात जायचं आणि काहीही करून आईला परत आणायचं, एवढंच तिने ठरवलं होतं.

जीपमध्ये आईने तिचा हात सोडला नाही.

"आता कशी हाय?" जीपवाल्या जगनने विचारलं.

"तशीच," गोदा म्हणाली. आई खिडकीबाहेर बघत राहिली.

दवाखान्यात वजनाचा काटा दिसला तशी आई दोन पावलं मागे सरली. तिला धीर यावा म्हणून गोदाच आधी चढली. नर्सने आकडा पाहिला, पुन्हा पाहिला आणि कागदावर लिहिला. आईची पाळी यायच्या आत आतून हाक आली.

"जेवण कसं चाललंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"व्यवस्थित, बाई. दोन टायमाला," गोदा घाईने म्हणाली. खोटं बोलल्याची तिला लाज वाटली नाही.

"आणि मंगळू, सोनी? अजून हाका मारतात?"

"कव्हातरी. आता कमी झालंय."

बाईंनी आईकडे पाहिलं. आईने मान खाली घातली. गोदाला तिचा राग आला, कीवही आली. नुसतं हो म्हणायला काय जात होतं हिचं?

"गोदा, तू जरा बाहेर बस," बाई म्हणाल्या.

गोदा बाहेरच्या बाकावर बसली. आईला एकटीला गाठलं की ती सगळं ओकून मोकळी होणार. तिने पडद्याला कान लावला.

"वजन आणखी चार किलो उतरलंय, मावशी," बाई सांगत होत्या. "आता ठाण्याला न्यावंच लागेल."

मग आईचा आवाज आला.

"माझीच चूक हाय, बाई. ती दोघां गेली तव्हा गोदा जन्मालापण आली नव्हती. तिनं खावं म्हणून मीच रोज त्यांचं सांगत रायले, घास भरवताना. तिला नका नेऊ. माझी तेवढी एकच जगलीय."