हिरवी सही

"तो थांबला की गेला, हे ठरवणारी तू कोण?" रणधीर सरांनी शिवांजलीचा निबंध वर्गासमोर टेबलावर आपटला. "तुमच्या माकणीच्या शिवारात असेल सगळं सरळ. इंग्रजी कादंबरीत नसतं. उद्या चूक लेखी कबूल कर, नाहीतर अंतर्गत गुणांत भोपळा."

भोपळा मिळाला तर एम.ए. लटकणार होतं, आणि अणदूरच्या शाळेतली ठरलेली नोकरीही.

वाद होता कादंबरीच्या शेवटच्या वाक्याचा. 'ही डिड नॉट स्टे बिकॉज ऑफ हिज मदर.' आईमुळे तो न थांबता निघून गेला, की थांबला, पण आईसाठी नव्हे? लेखकाला उत्तर द्यायचंच नव्हतं, असं सर सांगत. एवढ्या भांडवलावर त्यांनी २०११ साली पीएचडी उपटली, गाईड खपवलं, धाराशिवभर शाली पांघरून घेतल्या. शिवांजलीनं लिहिलं होतं, तो थांबला. त्यानं विहीर खणायला घेतली होती. अर्धी विहीर टाकून जाणारा तो माणूस नव्हता.

सरांची एक ऐट होती. पुस्तक वाचून संपलं की शेवटच्या पानावर हिरव्या शाईत सही आणि तारीख ठोकायची. ग्रंथालयातली शेकडो पुस्तकं त्यांनी अशी बाटवली होती. नेमकी याच कादंबरीवर सही नव्हती. सरांनी ती पुरती वाचलेलीच नाही, असं म्हणून पोरं मागं हसायची. शिवांजलीलाही तेच वाटायचं. न वाचता डॉक्टर झालेला माणूस, दुसरं काय.

खोटं लिहून द्यायचंच, तर शेवट पुन्हा एकदा बघून तरी द्यावं, म्हणून ती ग्रंथालयात गेली. कादंबरी बाजारात मिळत नव्हती, साऱ्या जिल्ह्यात ही एकच प्रत. शिपाई महांतप्पानं ती कपाटातून काढली.

"जपून गं माय. सर लई जपतात तिला. बाइंडिंगबी सोत्ताच्या हातानं केलंय."

शेवटच्या वाक्यासमोर मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलेला कोरा कागद होता. त्याचा कोपरा सुटला होता आणि आत छापील अक्षरं दिसत होती. तिनं पट्टी घालून कागद हळूहळू सोडवला. खाली आणखी एक पान निघालं. त्यावर जेमतेम चार ओळी. विहिरीला पाणी लागलं होतं, आणि पहिली बादली तोच ओढत होता.

त्याखाली हिरव्या शाईत रणधीर सरांची सही होती. साल २०१०.