चौथी डिस्क

"बंद करा रे ते मशीन! मिस्त्री आलेत," भंगारवाला ओरडला आणि पत्रा कापणारं यंत्र घरघरत थांबलं. लोखंड बडवणारे हातही थांबले. मिस्त्री चाकाची डिस्क, म्हणजे टायर चढवतात ते लोखंडी चाक, वाजवून बघायला बसले की सगळ्या आवारानं गप्प बसायचं, हा इथला शिरस्ताच होता. धड डिस्क हातोडीखाली खणखणते, आतून तडकलेली बद्द वाजते. हा फरक मिस्त्रींच्या कानाइतका दुसऱ्या कुणाला कळत नाही, असं इथला प्रत्येक ड्रायव्हर छातीठोकपणे सांगायचा.

आज मात्र मिस्त्री स्वतःच्या लेकीसाठी आले होते. ट्रक तीच चालवायची. गेल्या आठवड्यात भरल्या गाडीचा मागचा अ‍ॅक्सल ऐन उतारावर तुटला होता आणि ती वाचली ती केवळ नशिबानं. आता दुसरा अ‍ॅक्सल बसला होता, पण त्याला आठाऐवजी दहा बोल्ट. म्हणजे मागच्या चारही चाकांच्या डिस्क बदलणं आलं, आणि या मापाच्या नव्या काही मिळेनात. उद्या सकाळी सिमेंट भरून तोच उतार पुन्हा उतरायचा होता.

बाबांनी पहिली डिस्क उभी धरून हातोडी मारली. "घे." मग दुसरी. "हीपण घे."

तिसरीवर हातोडी पडली. तिला तरी ती बद्द वाटली.

"घे," बाबा म्हणाले.

"बाबा, परत एकदा वाजवा ना."

"बघा! आता लेक बापाला शिकवणार," ते हसले. पण हातोडी त्यांनी तिच्याच हातात दिली. "मनगट धरलंय माझं. तू मार, मी ऐकतो."

तिनं मारली. बद्द. आता शंकाच नको. तिच्या कपाळाला आठी पडली तशी बाबांनी झटकन मान हलवली. "छे, नको. टाक बाजूला."

"अहो, आत्ताच तर घे म्हणालात!"

"दुसऱ्यांदा मारल्यावर खरं काय ते कळतं गं."

ती बघतच राहिली. बाबांची नजर डिस्ककडे नव्हतीच. ती तिच्या तोंडावर खिळली होती. मघाशी फाटकापासून तिनं त्यांना दोन हाका मारल्या होत्या, तरी त्यांनी वळून पाहिलं नव्हतं. 'विचारात होतो,' म्हणाले होते. नाही, आपण घाबरलोय म्हणून मनात नाही नाही ते येतंय, तिनं स्वतःला बजावलं.

मशीन बंद आहे तोवर आपलंही उरकून घ्यावं म्हणून एक ड्रायव्हर आपली डिस्क लोटत तिच्या मागे येऊन उभा राहिला.

"होऊ द्या ताई, निवांत होऊ द्या," तो म्हणाला. "मिस्त्रींनी एकदा पास केली की आपण डोळे मिटून गाडी हाणायची." आणि तो वाकून आपल्या डिस्कवरचा चिखल खरवडू लागला.

चौथी डिस्क तिनं स्वतःच ओढून उभी केली. देवा, मी चुकीची ठरू दे. तिनं बाबांकडे बघत ओढूनताणून हसू आणलं, हातोडी खांद्यापर्यंत उचलली, जोरात खाली आणली आणि डिस्कला लागायच्या आधी बोटभर अंतरावर रोखून धरली. आवारात कुठेच काही वाजलं नाही.

तिचं हसू बघून बाबांचा चेहरा खुलला.

"खणखणीत! घे," ते म्हणाले, आणि मागच्या ड्रायव्हरला त्यांनी हात केला. "हं, आण रे तुझी."