मामाजींना न पटलेला शेवट

“खोटं हाये हे,” भगवंतराव म्हणाले.

सुचितानं पुस्तक मिटलं. तिचा आवाज अजून जागेवर आला नव्हता. संत्र्याच्या झाडाखाली बाज टाकलेली, बाजेवर डोळे मिटून पडलेला सासरा आणि पायथ्याशी ती. माघाचं ऊन, वर पांढरा फुलोरा, आणि वास असा, की शहाण्यासुरत्या माणसालाही भरदुपारी स्वप्नं पडावीत.

काचबिंदूनं भगवंतरावांचे डोळे नेले, वाचनाचा नाद मात्र नेला नाही. सुचिता पांढुर्ण्याच्या वाचनालयातून पुस्तकं आणायची आणि दुपारी बागेत त्यांना वाचून दाखवायची. पुस्तक संपलं की मामाजींचं मत आलंच. मागे एक ऐतिहासिक कादंबरी झाली. “लढाया लय झाल्या, पण घोड्याईले चारा कोनं टाकला, ते एकाही पानावर नाई.” मग एक शहरातली झाली. तिचा नायक पहिल्या पानापासून एकटाच रडत होता. “जेवला का बापा, म्हणून तरी विचारा त्याले कोणी!” एका बड्या साहेबाच्या आत्मचरित्राची त्यांनी ‘आपलीच आरती, आपलाच टाळ’ म्हणून बोळवण केली. बक्षीस मिळालेल्या कादंबरीवर तर ते पुरते नाराज होते. संत्र्याला बहार धरायचा तर आधी पाणी तोडावं लागतं, झाड कासावीस झालं की मगच फुलतं. “हा लेखक पानोपानी पाणीच देत सुटला. फूल कसं लागन?”

आत्ताची कादंबरी मात्र त्यांना आवडत होती. रेल्वेच्या रुळांजवळ राहणारी एक बाई, तिला दूरच्या शहरातून बोलावणं आलेलं, आणि ती रोज अंगणातून गाड्या बघणारी. सुचिताला ही बाई फार जवळची वाटायची. कारण बोलावणं तिलाही आलं होतं. तिचा नवरा प्रवीण नागपुरात नोकरीला होता. त्यानं आता खोली घेतली होती, आणि तिथल्या एका शाळेच्या लायब्ररीत सुचितासाठी कामही बघून ठेवलं होतं. सोमवारपर्यंत हो की नाही ते सांगायचं होतं. तिला जायचं होतं. इतकं जायचं होतं, की झोपेत ती पुस्तकांच्या उंच कपाटांमधून चालत राहायची आणि कपाटांना संत्र्याची फुलं लागलेली दिसायची.

पण मामाजींना तिनं अवाक्षर सांगितलं नव्हतं. त्यांच्या भाकरीची चिंता नव्हती. त्यांची बहीण पंचफुलाआत्या शेजारीच राहायची, तिनं केव्हाच हो म्हटलं असतं. पण आत्याला अक्षराची ओळख नव्हती. दोन भाकरींवर माणूस जगतो हे खरं, पण हा माणूस त्यातला नव्हता, आणि हे सुचिताइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

“काय खोटं हाये, मामाजी?” तिनं विचारलं.

“सारी कादंबरीभर ते बाई गाड्या पाहून राहिली. जीव टांगणीले लागला तिचा. अन् शेवटी गाडी सोडून देते, घरी येते अन् चूल पेटवते? हे लेखकाले शोभत नाई.”

“मंग काय करन ते?” सुचिताचा आवाज चढला. “म्हाताऱ्याले टाकून जाईन? त्याले पुस्तकं कोण वाचून दाखवन?”

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. कादंबरीत म्हातारा नव्हताच. त्या बाईच्या घरी कोणी कोणाला काही वाचूनही दाखवत नव्हतं. खरं म्हणजे तो शेवटही पुस्तकात नव्हता. वाचता वाचता तिनं पान उलटलं, तर पुढची पानंच गायब, समोर नुसता पुठ्ठा. मामाजी कान टवकारून ऐकत होते. अशा वेळी थांबणं तिच्या जिवावर आलं. मग तोंडाला आलं ते ती वाचत गेली, आणि तोंडाला आलं ते मनातलंच होतं.

लांबून इटारसीकडे जाणारी गाडी गेली. फुलं टपटप गळत होती, काही भगवंतरावांच्या छातीवर पडली. ती त्यांनी झटकली नाहीत.

“डोये गेले माहे, कान नाई गेले,” ते म्हणाले. “फोनवर हळू बोलत जाय.”

सुचिता खाली मान घालून बसली. तिला एकदम रडू आलं. ते उठून बसले, बंडीच्या खिशात हात घातला आणि घडी केलेली छापील पानं बाहेर काढली. पानाचा कोपरा दुमडणाऱ्याला दारात उभं न करणारा माणूस तो. त्याच्या हातात ती फाटकी पानं तिला बघवेनात.

“काल तू सैपाकात होती, तवा फाडले. चाचपून चाचपून. वाचनालयाचं पाप माह्या माथी. पण तू सांगून नाई राहिली काही. म्हटलं, पुस्तकात शेवट नसला, तर हे पोरगी आपला सांगन.”

तिनं पानं घेतली. ती घडी उलगडायला लागली, तसा त्यांनी अंदाजानं हात पुढे करून तिच्या हातावर ठेवला.

“इथं नको. नागपूरच्या गाडीत वाच. अन् मंग फोनवर मले सांग, तुले कादंबरी कशी वाटली ते.”