गुप्तदानाचा आवाज

घशाच्या कॅन्सरवरचं संशोधन संपलं आणि त्यासाठी लोकांनी दान केलेले आवाज परत मिळायला लागले. वर्षभर मुके असलेले टिपणीस बायकोला घेऊन संस्थेच्या खिडकीशी उभे राहिले.

"काका, यादीत तुमचं नावच नाही," आतली मुलगी म्हणाली.

"कसं असेल? गुप्तदान केलं ना यांनी!" सुलभाताई म्हणाल्या. "पुण्य जास्त लागतं म्हणे."

"मग आवाज तुम्हीच ओळखायचा, काकू. काकांचं ऐकणार नाही. मागे एक जण चक्क गवयाचा आवाज आपलाच म्हणून घेऊन गेला."

तिनं बटण दाबलं. दानाच्या दिवशी रेकॉर्ड केलेला एक मऊ, लाघवी आवाज आला, "सिस्टर, दमलात हो तुम्ही. जेवलात का?"

टिपणीस स्वतःच्या छातीवर बोट आपटायला लागले. हाच, हाच!

"छे!" सुलभाताई म्हणाल्या. "इतक्या वर्षांत असं मला कोणी विचारलं नाही. पुढचा लावा."

पुढचा आवाज अंगावरच आला, "किती वेळ बसवून ठेवणार? चहा तरी आणा कुणीतरी!"

"हेच ते!" सुलभाताईंनी लगेच मशीनवर अंगठा टेकवला.

टिपणीस दोन्ही हातांनी काच बडवायला लागले.

"बाई गं, काय आनंद झालाय बघ यांना," सुलभाताईंनी डोळे पुसले.

मुलीनं त्या आवाजाची स्प्रेची बाटली हलवली.

"काका, आ करा."